सेन्सर म्हणतो, सुकलं

१४ जाने., डहाणू
लॅबमध्ये आज पुन्हा तेच. सेन्सरच्या चकतीवरचा पॉलिमरचा थर कोपऱ्यात सुटलाय. थर हवेतली ओल पितो, जड होतो, पृष्ठभागावरून धावणारी लहर मंदावते, त्यावरून दमटपणा कळतो. माझं सगळं काम एवढंच. थरच सुटला तर ओल्या हवेतही सेन्सर कोरडं म्हणणार. लॅबप्रमुख सरांना दाखवलं.
"सेन्सर विकत घेणारे कंपनीवाले येतायत. आता कोपरे बघत बसू नकोस."
तीन वर्षं कोपरेच बघतेय.

२ फेब्रु., नरपड
मावशीच्या बचत गटाच्या ड्रायरवर सेन्सर बसवला. चिकूच्या फोडी सुकल्या की हीटर आपोआप बंद. जागा सरांनीच निवडली. माझी माणसं, प्रश्न विचारणार नाहीत म्हणे.
मावशीने विचारलं, "यावर विसंबायचं ना बाय?"
मी म्हटलं, सुरुवातीला फोडी मोडूनही बघत जा. सर मध्येच, "काही गरज नाही. डोळे झाकून विश्वास ठेवा."
मग टाळ्या, फोटो. नारळही मावशीनेच फोडला.

१९ फेब्रु., नरपड
हायवेवरच्या दुकानातून सगळी पाकिटं परत. आत बुरशी. गटातल्या सुनंदाताईंनी एक फोडून माझ्यापुढे धरलं. "हे तू खा."
बाकीच्या परत आलेली पाकिटं मोजत राहिल्या. ते जास्त लागलं. मावशीने हात धरून घरात नेलं, चहा दिला.

२० फेब्रु.
सेन्सर उघडला. थर अर्धा उचकटलेला. वाफ, उष्णता, पुन्हा वाफ... टिकणार कसा? सरांना फोटो पाठवला. फोन आला.
"बायकांनी मधेच ड्रायरचं दार उघडलं असेल. रिपोर्टमध्ये तसं घाल."
"नाही घालणार."
"मग पुढच्या वर्षी तुझ्या नोकरीचं काय ते बघू."
आवाज शांत. रोज हजेरी घेतात तसा.

२६ फेब्रु., कासा
घरी आले. आईला सांगितलं. तिचं एकच, "मोठ्या माणसांशी वाकडं घेऊ नको."
मग सरांचा फोन, एकदम गोड. नवी चकती बसवलीय म्हणे. कंपनीला व्हिडिओ हवाय, बायका सेन्सरबद्दल चांगलं बोलताना. "तू सांगितलंस तर ऐकतील."
मी म्हटलं, कोणाला काही सांगणार नाही. वाटलं, विषय संपला.

१ मार्च, नरपड
संपला नव्हता. मावशीने सगळ्या बायकांना व्हिडिओसाठी तयार केलंय. सुनंदाताईंनासुद्धा.
"कोणी सांगितलं तुला?"
"तुझे सर आले होते काल. म्हणाले, पोरीची नोकरी तुमच्या हातात आहे."
रागाने रडू आलं. बुरशीचा माल बायकांनी खड्ड्यात पुरला. आणि आता त्याच यंत्राचं कौतुक. माझ्यासाठी! मला हे नकोय. मावशीवर ओरडले. ती भाकऱ्या थापत राहिली. नंतर म्हणाली, "आमचा माल गेला तो गेला. तुझं कशाला जायला पाहिजे?"

२ मार्च, सकाळ
कॅमेरावाले आलेत. सर अंगणात, खुर्च्या मांडून घेतायत. मावशीने ठेवणीतली साडी नेसलीय. आत येऊन हळूच विचारलं, "काय बोलू ते सांग."
"जे झालं तेच बोल."
"मग तुझी नोकरी?"
मी सुटलेल्या थराचा फोटो फोनवर उघडून ठेवला. ती दारात उभी आहे, पदर सावरत. बाहेरून सर हाका मारतायत. तिला नाही, मला.