ताटाची डावी बाजू

मी, गणपत धोंडू घाडीगावकर, वय बेचाळीस, राहणार लालबाग, पूर्वी गिरणीत फिटर, हे मृत्युपत्र शुद्धीवर असताना स्वतःच्या उजव्या हाताने लिहीत आहे. कागदाच्या डाव्या कडेची लाल रेघ वकिलाचे कारकून कमलाकांत कोठारे यांनी आखून दिली. ती सापडेपर्यंत मान वळवायची आणि तिथून ओळ धरायची, असे त्यांनी शिकवले. एरवी माझी ओळ मध्यावरच सुरू होते.

जानेवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या गर्दीत माझ्या डोक्यात दगड बसला. कोणी मारला माहीत नाही. मेंदूत रक्तस्राव झाला. डावा हात कामाचा राहिला नाही. बटणे लागत नाहीत, लेंग्याची नाडी बांधता येत नाही, दाढी अर्धीच होते. डोळे चांगले आहेत, पण डावीकडे काही आहे हे मला कळत नाही. आणि कळत नाही, हे समजायलाच जवळजवळ दोन वर्षे गेली.

कलम १. माझे १९५७ सालचे मृत्युपत्र रद्द. त्यात मी खोली धाकटा भाऊ जयवंत याला दिली होती. बायको बकुळा हिला काही नाही, कारण ती मला मुद्दाम अळणी जेवायला घालते, असे मी लिहिले. मीठ, चटणी, लिंबू ताटात डावीकडे वाढतात. ती म्हणायची, वाढलंय. मला वाटायचे, तोंडावर खोटे बोलते. एकदा ताट तिच्या तोंडावर हाणले, दोन दात पडले. एकदा उकळती आमटी पायांवर ओतली. चुकून नाही, मुद्दाम. दिवाळीत हातोड्याने तिचे मनगट फोडले. ती इस्पितळात गेली म्हणून मी मालन परब यांच्या खानावळीत जेवायला बसलो. तिथेही मीठ नव्हते. मी पाट उचलला. मालनबाईंनी फक्त ताट फिरवले. म्हणाल्या, "मीठ हयच होता. आता कोणाक मारतलस?"

दगड बसण्याआधीही मी बकुळाला दोनदा मारले आहे. तेव्हा मला मीठ दिसत होते. सगळे दुखण्यावर ढकलू नये.

कलम २. गेल्या महिन्यात जयवंत तो जुना कागद घेऊन आला आणि बकुळाला म्हणाला, "वहिनी, दुसरीकडे सोय बघून ठेवा." खोली बकुळाला द्यायची आहे असे मी सांगितले, तर म्हणाला, मेंदू फुटलेल्या माणसाच्या सहीला कोण विचारतो. तसे असेल तर त्याच्या हातातला कागद आधी फाडावा. तो लिहिला तेव्हा मी आजच्यापेक्षा वाईट होतो.

कलम ३. माझी हत्यारे, म्हणजे नट आवळायचे पाने, कानशी व मापाचे गेज, गिरणीत शेजारच्या साच्यावर काम करणारे दगडू साळसकर यांना. हातोडा त्यांनी आजच न्यावा. मला अजून राग येतो आणि उजवा हात शाबूत आहे. यंदा शिमग्याला हातोडा पुन्हा उगारला होता. बकुळा डावीकडे सरकली आणि मला दिसेनाशी झाली. ती हे कधी शिकली, मी विचारले नाही.

कलम ४. एक मेला चाळीतले लोक आंदोलनातला जखमी म्हणून माझा सत्कार करणार आहेत. करू नये. बकुळाचे मनगट वाकडे जुळले आहे. ती अजून एका हाताने पाणी भरते.

कलम ५. परवा इथवर लिहून मी वाचून दाखवले. बकुळा भाजी निवडत होती. म्हणाली, "म्हणजे तुम्ही मरेपर्यंत मी थांबायचं?" कोठारे म्हणाले, वहिनी, मृत्युपत्र असेच असते. ती म्हणाली, "मग ते तुमच्या कामाचं. माझ्या नाही."

म्हणून भाडेपावती काल तिच्या नावावर करून घेतली. घरमालकाची सही झाली आहे. खोली आता तिची. मी राहायचे का, असे तिला विचारले. तिने पावती घडी करून डब्यात ठेवली. मग म्हणाली, "महिनाअखेरपर्यंत राहा. पुढचं तेव्हा बघते."

तिने बाहेर काढले तर तिला भावाने, चाळीने किंवा कोर्टाने अडवू नये. मीही अडवणार नाही.

वाचून, समजून, दोघांसमोर सही केली.

गणपत धोंडू घाडीगावकर

साक्षीदार:
१. कमलाकांत भास्कर कोठारे, वकिलाचे कारकून, गिरगाव
२. मालन रामा परब, खानावळ, लालबाग (डाव्या हाताचा अंगठा)

मुंबई, २४ एप्रिल १९६०