परत आलेला दहीभात

॥ श्री ॥
हर्णै, ता. १९ डिसेंबर १९७०

चि. सौ. मालन हीस, सासरे आप्पासाहेब यांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

आम्ही सुखरूप पोचलो. समुद्राच्या अगदी तोंडावर कौलारू खोली मिळाली. डॉक्टरांनी तुझ्या आत्याबाईला हवापालट सांगितला खरा, पण हर्णैच पाहिजे हा हट्ट तिचा. आपल्या सहादेवाची लाँच इथूनच सुटली होती ना! लाँच बुडाल्याची तार येऊन वर्ष झालं. देह हाती लागला नाही, म्हणून पोटचा पोरगा गेला हे ही बाई अजून मानत नाही.

इथं थंडी औषधालाही नाही. मीठ डब्यात पाणी होऊन बसतं. घरमालकीण रोज मासळी देऊ करते आणि आपली माळकरीण नाक दाबून नको म्हणते, तरी दोघींचं गूळपीठ लई जमलंय. दिवसभर ही वाळूत बसते. लाँच आली की उठून उभी राहते. मला बघवत नाही.

गव्हाला पाणी दिलं का ते कळव. आहे तशी माया ठेव.

तुझे मामंजी

॥ श्री ॥
पुणतांबे, ता. २४ डिसेंबर

ती. स्व. मामंजी यांच्या चरणी मालनचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

गव्हाला पाणी झालं. गाय व्याली, कालवड झाली. खरवस केला, पण आत्याबाईंच्या हातची चव आली नाही. गोधड्या नेऊ नका म्हणत होते, तेव्हा तुम्ही ऐकलं नाही. आता घ्या उशाला!

पुढचं आत्याबाईंना वाचून दाखवू नका. काष्टीहून माझा भाऊ सूर्यभान आला होता. माझ्यासाठी त्यानं स्थळ बघितलंय. बिजवर आहे, पण माणूस चांगला आहे म्हणतो. किती दिवस वाट बघत बसणार म्हणून माझ्यावर चिडला. मी सांगितलं, हे गेले असं आत्याबाई स्वतः म्हणतील तेव्हा बघू, त्याआधी मी उंबरा ओलांडायची नाही. पण मामंजी, घाटावर बायका माझ्या कपाळाकडे बघतात हो. संक्रांतीच्या वाणाला मला बोलवावं की नाही, त्यांना कळत नाही. मलाही कळत नाही. माझं वय बावीस.

तब्येतीला जपा. या लेकीवर लक्ष असू द्या.

आपली मालन

॥ श्री ॥
हर्णै, ता. २९ डिसेंबर

चि. सौ. मालन हीस आशीर्वाद. वि. वि.

पोरी, आधी तोंड गोड कर!

काल सोमवती अमावास्या. हिनं सकाळीच दहीभाताचा द्रोण केला, गुडघाभर पाण्यात शिरली आणि समुद्राला बजावलं, की माझा सहादेव तुझ्या पोटात असेल तर हे ठेवून घे, नसेल तर परत दे. द्रोण जरा आत गेला आणि वळून तिच्या पायाशी आला. पुन्हा सोडला, पुन्हा आला. आपल्या गोदावरीनं घेतलेलं कधी परत दिलंय का? ही मटकन वाळूत बसली आणि हसायला लागली. वर्षानं हसली गं. दिसेल त्या पोराच्या हातावर गूळ ठेवत सुटली. मीही रडून घेतलं.

सूर्यभानाला म्हणावं, घाई करू नको. तू संक्रांतीला हिरवा चुडा भर, असा तुझ्या आत्याबाईचा हुकूम आहे.

लोभ आहेच, तो वाढो.

तुझे मामंजी

॥ श्री ॥
पुणतांबे, ता. ४ जानेवारी १९७१

ती. स्व. मामंजींना मालनचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र आलं त्याच संध्याकाळी कासारणीला बोलावून हिरवा चुडा भरला. खरं काय ते ठाऊक असूनही भरला. एक संध्याकाळ तरी मिळावी म्हणून.

आता कसं लिहू? काष्टीच्या शाळेत आम्हाला भूगोलात होतं. समुद्राचं पाणी दिवसातून दोनदा चढतं, दोनदा उतरतं. अमावास्या-पुनवेला जास्तच. चढत्या पाण्यात काहीही सोडलं तरी ते काठाला लागतं. कुणाचंही लागतं, मामंजी. नदीला एकच वाट माहीत, म्हणून तुम्हा दोघांना उमगलं नाही.

याआधी लिहिलेली पत्रं चुलीत घातली. गप्प बसले तर आत्याबाई हसत राहतील आणि मी सवाष्ण राहीन. पण मग त्या जन्मभर लाँच बघत बसतील, आणि मी इथं. त्यांना सांगायचं की नाही ते तुम्हीच ठरवा, माझ्यात बळ नाही. हे माझ्याच हातानं लिहावं लागलं.

माझा राग करू नका.

मालन

॥ श्री ॥
हर्णै, ता. १२ जानेवारी

चि. मालन हीस आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र खिशात घालून नुसता हिंडत होतो, सांगायची छाती होईना. काल पुनवेला हिला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. वाटलं, माझ्या अंगावर धावून येईल.  पण ही म्हणाली, की त्या दिवशी द्रोणाच्या शेजारून कुणीतरी फेकलेली करवंटीही काठाला आली होती. तिला दिसली होती. दिसूनही तिनं बघितली नाही.

दुपारून पाणी उतरायला लागलं तेव्हा हिनं पुन्हा दहीभात केला. या खेपेला समुद्राला काही बजावलं नाही. लेकाला म्हणाली, जेव बाबा. द्रोण गेला. दिसेनासा झाला तरी ही उभीच. मग अशी रडली, की कोळणी होड्या सोडून धावत आल्या.

आम्ही चार दिवसांत निघतो. त्याचं दिवसपाणी घरी आल्यावर करू. आता ही सांगते ते तिच्याच शब्दांत लिहितो.

मालन, चुडा फोडू नगं. कुनी फोडाया आलं तर त्याचा हात मी मोडीन. कुक्कू बी पुसायचं न्हाई. सूर्यभानाला सांग, मानूस बघाया मी सोता येनार हाय, दारू पितो का ते त्याच्या तोंडावर इचारीन. माझा पोरगा गेला, तू कशापायी जळतीस? आन् एक ध्यानात ठेव. लगीन झाल्यावर पयल्या बाळंतपनाला काष्टीला जायाचं न्हाई. माझ्या दारात यायचं.