लाल बाजू वर

ती. व्हर्नाताईस,

धाकट्या मार्सेलिनाचा वाकून (कंबर वाकेल तेवढा) नमस्कार. तुझा गुडघा, तुझा मुलगा आणि त्याचं ते फिनिक्समधलं गारेगार घर, तिघंही बरी असतील. इथे आम्ही भाजून निघतोय. जाताना तू म्हणाली होतीस, "पाऊस पडला की येते." त्याला दोन उन्हाळे झाले. गेल्या साली ढग आपल्या सामाईक बागेवरून टेचात गेले आणि सरहद्दीपलीकडे जाऊन पडले, त्यात माझा काय दोष? यंदा मात्र मी चंगच बांधला. पाऊस पाडायचा आणि तुला आणायची.

म्हणून पहाटेच आईची काठी काढली. उंच सग्वारो निवडुंगाची फळं पाडायला एकीने काठी धरायची, दुसरीने खाली बादली. तुझ्या जागी यंदा कामिलस आला (तोच, बागेत माझ्या शेजारच्या वाफ्यात भोपळे लावतो तो). हा बाबा बोलायला लागला की बादली विसरतो. पहिलंच फळ बदकन त्याच्या टोपीवर! पहिलं फळ छातीला लावायचं, आभार मानायचे, मग खायचं; तर हा बोटाने टोपी पुसून चाटून मोकळा. मी ओरडले. तर म्हणतो कसा, "मार्से, अगदी तुझ्या आईसारखी ओरडतेस गं." मला बरं वाटलं, पण दाखवलं नाही.

ऊन चढल्यावर मी मेस्किटच्या झाडाखाली सावलीत टेकले. शेजारी चुलीवर गराचा पाक रटरटत होता, पारवे घुमत होते, आणि त्या गोड वासात माझे डोळे कधी मिटले कळलंच नाही. बघते तर आई पुढे चाललीय, डोक्यावर टोपली. मागे आपण दोघी अनवाणी, ओठ लालभडक, आणि आपल्या मागून ढग येताहेत, वासरं यावीत तसे, हळूहळू, आपल्या खांद्यांना नाक लावत. तू वळून त्यांना हाक मारलीस. इतकं छान वाटत होतं ताई, की उठूच नये.

उठले आणि कपाळावर हात मारला. कामिलसने आवराआवर केली होती. फळांची सगळी रिकामी सालं पालथी, ओळीने! कारण काय, तर मुंग्या लागू नयेत. अरे, सालाची लाल बाजू आभाळाकडे ठेवायची, तरच ढगांना दिसणार, हे आपल्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. (याची बायको होती तोवर सगळं ती करायची. हा फक्त खायचा.) दुपारी डोंगरावर ढग आले, घुटमळले आणि आल्या वाटेने गेले. बागेतली मंडळी शेंगा वाळवून, वाफे खणून पेरणीसाठी पावसाची वाट बघत बसलेली. लगेच टोमणे सुरू: "मार्सेलिना झोपली, आभाळही झोपलं."

मग काय, सगळी बाग गुडघ्यांवर रांगत सालं उलटत होती. कामिलस मागे सरकता सरकता थेट चोया निवडुंगाच्या काट्यांवर बसला. काटे कंगव्याने काढावे लागले, आणि तेवढा वेळ तो गप्प होता. शेवटी सगळे जमिनीवरच बसलो. सालं पिलांनी चोची उघडाव्यात तशी आभाळाकडे बघत होती, आम्हीही. तुझी फार आठवण आली. तुझ्याशिवाय करमत नाही, हे खरं.

बाकी सगळं ठीक. मुलाला आशीर्वाद. पाकाची एक बरणी तुझ्यासाठी बाजूला काढली आहे.

तुझीच,
मार्से

ता. क. आईच्या पांढऱ्या तेपारी घेवड्याचं बियाणं मी जपून ठेवलंय. एकीने काठीने भोक पाडायचं, दुसरीने दाणे टाकायचे. कामिलसला दिले तर तो तेही पालथे टाकेल.

ता. क. २. पत्र मिटताना पाऊस आला! खरंच. बघ, वर तुझ्या नावावरच शाई फुटलीय. चारच थेंब होते, धूळसुद्धा बसली नाही. कामिलस म्हणतो, याला पाऊस म्हणत नाहीत. त्याला काय कळतंय? पाऊस पडला की येते म्हणाली होतीस. किती पडला की, ते म्हणाली नव्हतीस. तेव्हा बॅग भर. आणि थेंब पावसाचेच आहेत, उगाच चाखून बघू नकोस.