शटरवरच्या आठ ओळी

१२ जून

ती. आत्यास,
नमस्कार उभ्यानेच, हात ऑइलपेंटने भरलेत.

परवा सकाळी चष्मेवाल्या काकांनी त्यांच्या चष्म्यांच्या दुकानाचं शटर वर ढकललं, त्या क्षणी माझं आयुष्य संपलं. मी समोरच्या खांबाआड उभा होतो. माझ्या आठ ओळी एकेक करून वर गुंडाळल्या गेल्या.

मुळापासून सांगतो. कॉलेज सोडून मी पाट्या रंगवणाऱ्या उस्तादांकडे लागलो, हे बाबांनी तुला शिव्यांसकट कळवलं असेलच. उस्तादांनी मला हे शटर रंगवायला धाडलं. दुकानाचं नाव आणि वेळ, एवढंच लिहायचं होतं. पण गल्ल्यावर काकांची मुलगी बसते. मी अख्ख्या शटरभर तिच्यासाठी कविता रंगवली. आता ती येते शटर उघडल्यावर आणि जाते ते पडायच्या आधी. काका चष्मा दुकानात शिरल्यावरच घालतात, त्यांना नुसता रंग दिसला. म्हणजे अख्ख्या गल्लीने वाचलं, तिने सोडून. दूधवाला मला बघितलं की दुसरी ओळ म्हणतो.

मी कविता सोडली. तुझ्या कविता इतकी वर्षं मासिकांकडून परत येताहेत, तरी तू लिहितेस कशी? कातडी जाड आहे की अक्कल कमी, खरं सांग. कविता सोबत जोडलीय. फाडून टाक.

तुझा उद्ध्वस्त भाचा

१७ जून

चि. उद्ध्वस्त यास,
आशीर्वाद आणि एक धपाटा.

आज्ञेप्रमाणे कविता वाचून फाडली. आठ ओळींत चार चंद्र. एवढ्या उजेडात त्या मुलीकडे एकदा तरी बघितलंस का?

कातडी म्हणशील तर मऊच आहे. कविता परत आली की मी दिवसभर कुणाशी बोलत नाही. तुझे आतोबा मुकाट्याने दोघांचा चहा करतात. संपादकांवर माझ्यापेक्षा त्यांचाच राग जास्त. दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर बसते. शाळेचे गणवेश शिवताना एखादी बाही उलटी लागते, ती उसवताना ओळ सुचते. शिवताना कधीच नाही, उसवतानाच. लिहिली नाही तर टोचत राहते. संपादकांना टोचत नाही, हे त्यांचं नशीब.

तुझं दुखणं कवितेचं नाहीच. उत्तर आलं नाही म्हणून रुसलायस. शटर रंगवायला कसली आलीय हिंमत? तोंडाने म्हणून दाखव.

बाकी क्षेम. रंगाचे हात जेवणाआधी धुत जा.

तुझी निर्लज्ज आत्या

२४ जून

ती. आत्यास,
नमस्कार. धपाटा पोचला.

फाड म्हटलं की लगेच फाडायची असते का?

गल्लीने काकांना सांगितलंच. सुट्टीच्या दिवशी शटर राखाडी करून दे, असं त्यांनी फर्मावलं. मी ब्रश आपटला; उस्तादांनी तोच उचलून माझ्या हातात दिला. वरून सुरुवात केली. सहा ओळी बुजवल्या, तर मागे ती. वडिलांनी लक्ष ठेवायला पाठवलेली. तिने उरलेल्या दोन वाचल्या आणि म्हणाली, ह्या तर चष्म्याच्या कुठल्याही गिऱ्हाइकाला लागू पडतील. मग वर काय होतं ते विचारलं. माझं डोकं फिरलं. म्हटलं, काही नव्हतं. ती हसली आणि म्हणाली, मग खालचंही नीट बुजव, ठिपके राहताहेत.

तणतणत घरी आलो. जुन्या ओळी आठवेनात. त्याच रागात नव्या लिहायला बसलो, तर चंद्र फिरकलाच नाही. गिऱ्हाइकाच्या काचेवर वाफ सोडून, पुसून, ती आधी स्वतः त्यातून बघते आणि डोळे बारीक करते, ते आलं. कितीतरी महिने मी हे बघत होतो आणि लिहीत होतो भलतंच. आत्या, कुणाला सांगू नकोस, पण लिहिताना ती वाचेल की नाही हे घटकाभर डोक्यातच नव्हतं.

तिला नाहीच आवडलं, तर मीही दिवसभर कुणाशी बोलणार नाही. मग पुन्हा बसेन. आज दुकान उघडं आहे; आता गल्ल्यासमोर उभा राहून म्हणायला निघालोय. काकाही असतील, आणि चष्मा घालून असतील.

मार खाऊन आलो तरी लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा भाचा

ता. क. शेवटचं उंबऱ्यात उभा राहून खरडतोय. कुठे निघालास म्हणून बाबा आतून ओरडताहेत. सांगत बसलो तर दुकान बंद होईल. निघालो. दार बाहेरून ओढून घेतलं.