केकीशेठची चपटी आणि माझी बाकी मिळकत

॥ वाघदेव साक्षीला ॥

मी, लडकू बाळू शिद, वय सहासष्ट (दाखल्यावर चौसष्ट, तो दाखला मास्तरांनी अंदाजाने काढला), धंदा शेती, राहणार वरचा पाडा, खर्डीजवळ, तालुका शहापूर, जिल्हा ठाणे, लिहून ठेवतो की मी आज पूर्ण शुद्धीत आहे. प्यालेलो नाही. सात वर्षे थेंब घेतलेला नाही. कोणी माझ्यावर जोर केलेला नाही की मला फसवलेले नाही. भीती मात्र आहे. भीतीने लिहिलेले चालते का, असे मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, तेही लिही. म्हणून लिहिले.

माझा उजवा पंजा मनगटातून वर होत नाही, पेन धरवत नाही. म्हणून अक्षर निवृत्त शिक्षक वेखंडे गुरुजींचे आणि बोलणे माझे. गुरुजी माझे बोलणे धुऊन-पुसून लिहितात, त्याला माझी हरकत नाही.

याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. १९९४ च्या शिमग्यात मी पिऊन खालचे खाचर तोंडी देऊन टाकले, असे माझा चुलतभाऊ जैतू गावभर सांगतो. मी तेव्हा त्याला आकाशातला चंद्रसुद्धा दिला होता. दोन्ही धरू नये.

कलम १. घर मुलगा रविंद्र याला. तो वासिंदला कंपनीत जातो, शहाणा आहे, पण घाईचा आहे. त्याची आई धोंडीबाई हयात असेपर्यंत तिला ओटीवरून कोणी उठवायचे नाही. चूल काढून गॅस आणायचा तर आधी तिला विचारायचे. ती नाही म्हणेल. तरी विचारायचे.

कलम २. उतारावरचे नाचणीचे वरकस रविंद्रला. <s>खालचे भाताचे खाचर सून सौ. रेश्मा हिला, कारण नऊ पावसाळे तिथे तीच वाकली आहे.</s> (खोडले. का ते शेवटी लिहिले आहे.) विहिरीलगतचा तुकडा, त्यावरच्या दोन आंब्यांसकट, नात रविना हिच्या नावे, ती मोठी झाल्यावर.

इथे गुरुजी म्हणाले, पाणी घे. घेतले. मोठी झाल्यावर, असेच लिहा गुरुजी. मोठी झाल्यावर.

कलम ३. कोयता, त्याची कमरेची आकडी आणि मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेतली काळी घोंगडी रविंद्रला. तो वापरणार नाही, पण खुंटीला राहू द्यावी. बांधावरचा फणस जैतूला. त्याने बांध दरसाल वीतभर माझ्याकडे सरकवला, आता फणस त्याच्याच बाजूला उभा आहे. मी त्याला माफ केलेले नाही, फक्त भांडायचा कंटाळा आला.

कलम ४. चपटी. ही माझी खरी मिळकत आणि हिच्यासाठीच हा कागद.

खिशात बसेल अशी, कमरेच्या बाकाची, राखाडी धातूची बाटली आहे. झाकण साखळीला. मुंबईचे केकीशेठ पारशी दर थंडीला तानसाच्या जंगलात पाखरे बघायला यायचे. मी त्यांची पिशवी उचलायचो आणि वाट दाखवायचो. ते तिला फ्लास्क म्हणायचे, धातूला प्यूटर म्हणायचे. आमच्याकडे तो शब्द नाही, आम्ही कथलाची चपटी म्हणतो. १९९६ साली त्यांचे गुडघे गेले. शेवटच्या खेपेला त्यांनी ती माझ्या हातात ठेवली आणि ती कशी राखायची ते बोटांवर मोजून सांगितले. कोमट पाण्याने धुवायची, कढत नाही. झाकण उघडे ठेवून उपडी वाळवायची. राख-काथ्या लावायचा नाही, मऊ फडक्याने पुसायची. विस्तवाजवळ न्यायची नाही, हा धातू लवकर मऊ होऊन बसतो. रात्रभर आत काही ठेवायचे नाही. आणि शेवटी म्हणाले, "लडकू, येच्यात खट्टा नाय भरायचा हां. कदीच नाय."

बाकीचे मी बरीच वर्षे देवाच्या भांड्यासारखे पाळले. एकदा जैतूने रानात दारू गरम करायला ती निखाऱ्याशी टेकवली आणि खालचा कोपरा मेणासारखा बसला. मी त्याच्याशी दोन वर्षे बोललो नाही. मी असा सांभाळणारा माणूस होतो, हे लक्षात ठेवावे.

खट्टा, म्हणजे आंबट, का नाही, हे मात्र मी विचारले नाही. मला वाटले, चकाकी जाते म्हणून शेठ सांगतात. पितळीला कल्हई नसली की ताक कळकते, हे आमच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कल्हई असली की भीती नाही. आणि कल्हई तर कथलाचीच असते ना? मग ही चपटी अख्खी कथलाची, म्हणजे आतून-बाहेरून कल्हईच. हिच्यात आंबट नाही चालणार तर कशात चालेल? मी असा हिशोब केला, आणि स्वतःवर खूश झालो.

कलम ५. १९९७ साली रविना झाली. तिच्या डोक्यावर हात ठेवून मी दारू सोडली. चपटी रिकामी झाली, पण टाकवेना. चार वर्षे तिच्यात साधे पाणी भरले. मग पोर माझ्याबरोबर शेरडांमागे डोंगरावर यायला लागली. उन्हाचे साधे पाणी तिला नको असायचे. म्हणून मी चिंच-गुळाचे पाणी भरायला लागलो. आदल्या संध्याकाळी भरून ठेवायचो, मुरले की गोडी येते म्हणून. ती साखळी ओढून झाकण उघडायची, डोळे मिटून प्यायची आणि म्हणायची, "आबा, तुमी कमी प्या, मला जास्त." मी कमी प्यायचो. तिला जास्त द्यायचो. तीन वर्षे.

आतून चपटी इतकी लख्ख झाली होती की मला वाटले, चिंचेने घाण काढली.

दिवाळीपासून रविनाच्या पोटात कळा येतात. शौचाला होत नाही. तोंड पांढरेफटक पडले आहे. पाढे पाठ होते ते विसरते. शहापूरच्या डॉक्टरांनी जंताचे औषध दिले, मग रक्त वाढायचे दिले. मागच्या शनिवारी ती शाळेत उभ्याउभ्या कोसळली. आता उद्या तिला ठाण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेणार आहेत.

आणि मला पाच आठवड्यांपासून माहीत आहे.

पौष पुनवेला मी मुरबाडकडे म्हशाच्या जत्रेला गेलो होतो. चपटीचा सांधा झिरपत होता, म्हणून एका कल्हईवाल्याकडे दिली. त्याने नखाने खरवडली, मग वहीच्या पानावर कोपरा ओढला. पेन्सिलीसारखी रेघ उठली. तो म्हणाला, "चाचा, नुसतं कथील असतं तर एवढी रेघ नसती आली. यात शिसं आहे. जुनी दिसते." मग आत बघितले आणि वास घेतला. "यात आंबट कोण भरतं?" मी म्हणालो, कोणी नाही. तो म्हणाला, "मग ठीक. आंबटाने शिसं सुटतं, माणसाच्या हाडात जाऊन बसतं. लेकराबाळांना तर लईच वाईट."

मी म्हणालो, कोणी नाही. परक्या माणसापुढे खोटे बोललो. ते मला का सुचले, हे मला अजून कळत नाही.

त्या दिवसापासून तिला घोटभर दिलेले नाही. ती रोज विचारते, "आबा, चपटी कुठं हाय?" मी सांगतो, हरवली गो. शहापूरला डॉक्टरांनी रेश्माला विचारले, पोर बाहेरचं काय खाते-पिते? रेश्मा म्हणाली, "काय नाय, घरचंच." मी दाराशी उभा होतो. डॉक्टरांनी जंताचे लिहून दिले आणि मी ते औषध आणायला धावत गेलो.

मला भीती वाटते. पोर जाईल याची वाटते, आणि रेश्मा तिला माझ्या मांडीवरून उचलून नेईल याचीही वाटते. दुसरी भीती पहिलीइतकीच मोठी निघाली, याची मला लाज वाटते. माझा पंजा लोंबतो, तोही त्याच पाण्याने का, कोणाला विचारू? मी मेलो तर बरे होईल, मग हा कागद उघडतील आणि सगळ्यांना कळेल, असे धरून मी आज गुरुजींना बोलावले.

कलम ६. चपटी आता तांदळाच्या कोठीमागे पत्र्याच्या डब्यात आहे, कोरडी, झाकण तारेने आवळून. ती विकायची नाही. कल्हईवाल्याला तर मुळीच नाही, तो ती वितळवून पन्नास घरांच्या टोपांना लावेल आणि लोक त्यात आमटी करतील. विहिरीत टाकायची नाही. माझ्या चितेवर ठेवायची नाही, ती पाघळेल आणि राखेबरोबर नदीला जाईल. पुरायची तर कुठे, जिथे पोरे खेळत नाहीत अशी जागा पाड्यावर मला सापडली नाही. मी शोधून दमलो. हिचे काय करायचे ते शिकलेल्या माणसाने ठरवावे, आणि मेहेरबानी करून

इथे गुरुजींनी पेन खाली ठेवले. पुढचे त्यांनी लिहिले पाहिजे असे मी म्हणालो, म्हणून लिहिले आहे.

गुरुजी म्हणाले, "लडकू, हे रेश्माला माहीत आहे?"

"नाय."

"रविंद्रला? धोंडीबाईला?"

"कोणालाच नाय. म्हणून तर कागद करतोय. मी गेलो की कळंल."

"आणि पोर तू मरेपर्यंत थांबणार आहे का? उद्या तिथले डॉक्टर पुन्हा विचारणार, काय खाते-पिते. रेश्मा पुन्हा सांगणार, घरचंच."

मी म्हणालो, गुरुजी, माझ्या तोंडून नाय निघत. खरंच नाय निघत हो. मी रडलो. सहासष्ट वर्षांचा माणूस रडलो, तेही लिहा.

गुरुजी म्हणाले, "तोंडून नको. लिहिलंय तेवढं पुरे. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक मी. दुसरी तिला बोलव."

रेश्मा मागच्या पडवीत तांदूळ पाखडत होती. हाक गुरुजींनी मारली. ती दहावी झालेली आहे, तिला वाचून दाखवावे लागत नाही. ती उभ्यानेच वाचायला लागली. सूप तिच्या काखेतच होते. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. पान उलटल्याचा आवाज आला, मग तेच पान परत उलटल्याचा.

मग तिने विचारले, "सही कुठं करायची?"

गुरुजी म्हणाले, "थांब. जिला काही मिळायचंय तिने साक्ष घालू नये, असं तहसीलसमोरचे लिहिणारे सांगतात. तुझ्या नावे खाचर आहे."

ती म्हणाली, "मग खोडा ते."

मी म्हणालो, "अगो, नऊ वर्सं तू तिथं—"

"खोडा म्हणते ना." माझ्याकडे तिने बघितले नाही. गुरुजींनी खोडले.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे. त्यात एकही गोष्ट वाढवलेली नाही. एक कमी आहे, ती ही की मी तिची माफी मागितलेली नाही.

ठिकाण: वरचा पाडा, खर्डी, ता. शहापूर
दिनांक: ११ फेब्रुवारी २००४, बुधवार, दिवस मावळताना

लिहून देणार: लडकू बाळू शिद (उजवा हात चालत नसल्याने डाव्या अंगठ्याचा ठसा)

साक्षीदार १: मधुकर गोविंद वेखंडे, निवृत्त प्राथमिक शिक्षक. लिहिणाराही मीच. ठसा माझ्यासमोर उमटवला.

साक्षीदार २: सौ. रेश्मा रविंद्र शिद. सही केली. खालचं माझ्या हातानं लिहिते.

कलम पाच दोनदा वाचलं. ह्यांना सांगितलं, धावत आलेत. आबा, तुमच्यावर मला आत्ता बोलायचं नाय, बोलले तर थांबायची नाय. पण मरायचं तुमी मनातून काढून टाका. किती वर्सं, दिवसाला किती घोट, रात्रभर ठेवायचे का, शेवटचं कधी दिलं, हे डाक्तर विचारतील आणि ते तुमच्याशिवाय कोणालाच सांगता येणार नाय. सकाळी सहाच्या आत खर्डी स्टेशनला. पोरीला तुमीच उचलून घ्यायची, डाव्या हातावर. आणि डाक्तरांपुढे दाराशी उभं नाय राहायचं, आत यायचं.