शनिवारचा तो चहा

मॉर्ली, १२ नोव्हेंबर

लाडक्या लॉरीन,

देवाच्या दयेने मी बरी आहे. सरपण भरून झालं. तू आणलेला कागद चांगला म्हणून ठेवून दिलाय, हे चर्चच्या जुन्या पत्रकामागे लिहितेय, रागावू नकोस.

जावईबापूंना सांग, माझा राग नाही. शाळेत शिकवण्यासाठी आपल्या आदिवासी जमातीची स्टोनी भाषा ते माझ्याकडून टिपून घेताहेत, यात पुण्यच आहे. पण सासूने जावयाशी समोरासमोर बोलायचं नाही, ही आपली रीत. बिचारे गेल्या शनिवारी पलीकडच्या खोलीत पाठ फिरवून बसले. तू हसलीस, "आई, ड्वेन भिंतीशी संसार करतोय!" तेही आतून म्हणाले, "भिंत उलट तरी बोलत नाही!"

मग त्यांनी विचारलं, आजाऱ्याला धीर देताना काय म्हणतात? मी तुला सांगितलं. तू ते त्यांना सांगायचं, इतकंच. पण ते शब्द तुझ्या जिभेवर येईनात.

"मला का नाही शिकवलंस गं?"

मी म्हटलं, चहा उतू जातोय. चहा उतू जात नव्हता.

मी मॅट्रिक झाले, चार लोकांत मान मिळाला, पण मिशनच्या त्या निवासी शाळेत सात वर्षं आपला एक शब्द काढला की साबण तोंडात. बाई म्हणायच्या, देवाला तुमची भाषा कळत नाही. मी ते खरं मानलं. हे तुला माहीत आहे.

पुढचं माहीत नाही. तुला भाषा येत होती, लॉरीन. आजीजवळ राहून चार वर्षांची तू घडाघडा बोलायचीस. एकदा पाहुण्या बाईंसमोर तू आपल्या भाषेत रोटी मागितलीस. त्या गेल्यावर मी तुला मोरीपाशी नेलं. साबण मी कोंबला. मी, शाळेतल्या बाईंनी नाही.

आजीने तुला ओढून शालीखाली घेतलं. महिनाभर ती माझ्याशी बोलली नाही. तू तर त्या भाषेत पुन्हा कधीच नाही. मुलगी शहाणी झाली, असं मी सगळ्यांना सांगत फिरले.

आता प्रार्थना आपल्याच भाषेत करते. देवाला ती कळते.

मनाला पटलं तर शनिवारी ये. जावईबापूंना नंतर बोलावू. आधी दोघीच बसू. नाही आलीस, तरी तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही.

तुझं बोलणं तोडणारी,
आई