पासष्ट किलोचा माणूस

३० मार्च, रविवार. पाडवा

झालं! परवा हे नाशिकला गेले ते विमानाच्या बॅटरीचे पैसे भरूनच आले. साडेचार लाख! आणि मला सांगितलं कधी, तर श्रीखंडाची वाटी चाटून झाल्यावर.

सात वर्षं हे ते विमान पारोळ्याला, कुंदनभाऊंच्या शेतातल्या शेडमध्ये बांधताहेत. एकट्या माणसाचं, लांबलचक पंखांचं, विजेवर चालणारं. कुंदनभाऊ यांचे शाळेपासूनचे मित्र, ग्लायडर शिकवून रिटायर झालेले. त्यांनीच हे वेड लावलं. मोटर यांनी स्वतः भरली, तांब्याची तार गुंडाळून, आपल्या वाइंडिंगच्या दुकानात. विहिरीतल्या मोटरी भरतो तर विमानाची का भरू नये, म्हणे!

मी विचारलं, उडेल किती वेळ? "पंचवीस मिनिटं. वर जाईसन मोटर बंद करी आनि वारा चांगला शे, ते जास्त." पंचवीस मिनिटांत माझ्या दहा भाकरी होतात फक्त. एकदा चार्ज करायला पन्नास रुपयांची वीज लागते, हे मात्र चारदा ऐकवलं. पन्नास रुपयांची वीज साठवायला साडेचार लाखांचा डबा! व्यवहार म्हणून काही असतो की नाही?

मग जरा घुटमळून म्हणाले, एक अडचण शे. बॅटरीच पस्तीस किलोची, म्हणून बसणारा पासष्टच्या वर चालत नाही. जास्त वजन झालं तर विमान उठणारच नाही. हे अठ्ठ्याहत्तर! आजपासून तेल-तूप बंद, गोड बंद.

मला मनातून इतकं बरं वाटलं! बट्टी तुपात बुडवून खाणारा माणूस हा. जन्मात पासष्ट होत नाही. मला हे विमानात बसायला नकोच आहेत. बाकी शंभर विमानं बांधा, पण पाय जमिनीवर ठेवा.

१४ एप्रिल, सोमवार

७६.५. पार्ट मोजायचा काटा दुकानातून घरी आणलाय. अंघोळ झाली की टॉवेल गुंडाळून त्यावर उभे! परीक्षेचा निकाल लागल्यासारखं मला ओरडून सांगतात.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

७४. अक्षय्य तृतीयेचे मांडे केले, आमरस केला. यांनी एक मांडा खाल्ला आणि हात धुतले. पोट भरलं म्हणे. आखाजीला एक मांडा!

मी घाबरलेच. खरंच जमतंय की काय या माणसाला? आजपासून वरणात दोन चमचे तूप मी आधीच घालून ठेवणार. कणकेत तेलाचं मोहन, भाजीत दाण्याचं कूट. रंगावरून कळत नाही. वाईट वागतेय का मी? असेना. हातपाय मोडून घरी येण्यापेक्षा जाड बरे.

२२ मे, गुरुवार

७२! कसं काय?

तीन चमचे करते उद्यापासून.

१९ जून, गुरुवार

आज पारोळ्याला नेलं मला. पंखांचं कापड बसवायचं होतं. ते गोंदाने चिकटवायचं आणि गरम इस्त्रीने ताणायचं, ढोलकीसारखं टणक होतं. हे म्हणाले, इस्त्रीला तुझ्यासारखा हात धुळ्यात नाही. पंचवीस वर्षं लोकांचे ब्लाऊज शिवले त्याची ही पावती! पण खोटं कशाला लिहू, मजा आली. एकही सुरकुती राहू दिली नाही. कुंदनभाऊ पंखावर बोट वाजवून म्हणाले, "वहिनी, आते तुम्ही बी पायलट!"

हे मात्र सारखे बसत होते. पाठ दाबत होते. एकदा तर शेडच्या खांबाला टेकून डोळे मिटले. मी म्हटलं, बघा, उपाशी राहण्याचे परिणाम. "हाव," म्हणाले, "भूकना मुळे." आणि हसले.

उपाशी कुठले! रोज पोटात तूप जातंय ते मलाच माहीत.

६ जुलै, रविवार

६९.५. पँटला मी आज तिसऱ्यांदा टाके घातले. शेजारची मंजुळाबाई भिंतीवरून डोकावून म्हणाली, "बाई व, तुना नवरा बठ्ठा वाळी गया! खावाले देस का नही?" मी म्हटलं, विमानात बसायचंय त्यांना. ती हसली. मीही हसले.

३ ऑगस्ट, रविवार. कानबाई

कानबाई बसवली. रोटांचे गहू, पुरणपोळ्या, खीर, भाजी. रोट म्हणजे देवीचा प्रसाद, घरच्यांनीच संपवायचा, बाहेर द्यायचा नाही. हे म्हणाले, देवीचं आहे, पथ्य दोन दिवस बंद. मला वाटलं, आता येतील ठिकाणावर! समोर बसून वाढलं. खरंच खाल्लं त्यांनी. हळूहळू, घोट घोट पाणी घेत, पण खाल्लं.

५ ऑगस्ट, मंगळवार

६७.

दोन दिवस रोट आणि खीर. वरून माझं तूप. आणि शनिवारच्या ६८.५ वरून दीड किलो खाली.

काटा बिघडला असेल. मी पाच किलोची तांदळाची पिशवी ठेवून पाहिली. बरोबर पाच.

यांना म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. "पासष्ट होऊ दे, मग जासूत." दोनच किलो राहिले म्हणे! उत्साहाने सांगत होते. मी चूप बसले. का चूप बसले?

२ सप्टेंबर, मंगळवार

डोळे पिवळे झाले. आज ऐकलं नाही त्यांचं. रिक्षात बसवूनच नेलं. सोनोग्राफी, मग आणखी एक तपासणी.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. पसरलाय.

डॉक्टर तरुण आहेत, चांगले आहेत. त्यांनी विचारलं, "इतकं वजन उतरलं, कोणाच्या लक्षात नाही आलं?" हे माझ्याआधीच बोलले — "डाएट चालू होतं, साहेब. हिने फार कडक सांभाळलं." डॉक्टर म्हणाले, मग साहजिक आहे, घरच्यांना वाटतं डाएटमुळेच.

साहजिक! सगळ्या जगाला साहजिक असेल. मला नाही. चार महिने मी या माणसाला चोरून तूप खाऊ घातलंय. हा जेवतोय आणि तरी झिजतोय, हे अख्ख्या धुळ्यात एकट्या मला माहीत होतं. मी खुर्चीवर पर्स धरून बसून राहिले.

११ सप्टेंबर, गुरुवार

औषधं दुखणं कमी करण्याची. बाकी काही करण्यासारखं नाही, नाशिकच्या डॉक्टरांनीही तेच सांगितलं. त्यांनी यांच्याकडे जरा ओळख असल्यासारखं बघितलं असं मला वाटलं. दिवसाला शंभर पेशंट बघतात, सगळ्यांकडेच बघत असतील.

एप्रिलमध्ये नेलं असतं तर? मे मध्ये? मी मे मध्ये काय केलं? चमचे वाढवले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

६३. "व्हयनू पास!" म्हणाले.

मी काटा उचलला आणि माळ्यावर टाकला.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

दुकानात पूजा केली. खुर्चीत बसून. चकलीचा तुकडा तोंडात धरला आणि हळूच रुमालात काढला. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

९ नोव्हेंबर, रविवार

कुंदनभाऊ आले. चाचणीची परवानगी आली, दिल्लीचा कागद. दीड वर्ष लोंबकळत होता तो आत्ता आला! यांना कॉटवरून उठून बसायला दोघांचा हात लागतो. कागद उलटसुलट करून पाहिला, उशीखाली ठेवला. कुंदनभाऊ बाहेर जाऊन नाक पुसत उभे राहिले.

ते गेल्यावर माझ्याच्याने राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. तूप, मोहन, कूट, आखाजीपासून. तुम्ही उडू नये म्हणून केलं. कळायला हवं होतं ते मलाच कळायला हवं होतं, आणि मी गप्प राहिले. तुम्हाला मीच घालवलं. पायाशी डोकं ठेवून रडले. लाज सोडून रडले.

माझ्या केसांवरून हात फिरवला. मग म्हणाले, "ज्योती, तुनी काही चूक नही." मी म्हटलं, समजूत काढू नका. परत म्हणाले, "तुनी चूक नही." आणखी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि भिंतीकडे वळले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

जेवत नाही मी, म्हणून रागावले. मला घास जात नाही त्याला मी काय करू? तुपाचा डबा मंजुळाबाईला देऊन टाकला. घरात तो वासच नको. हे दिवसभर नुसते माझ्याकडे बघत असतात. दुपारी कुंदनभाऊंना फोन लावला, मला खोलीबाहेर पाठवून.

२३ नोव्हेंबर, रविवार

पारोळ्याला जायचंच म्हणाले, आणि तू पाहिजेच. गाडीत मागच्या सीटवर माझ्या मांडीवर डोकं ठेवून नेलं. निंबाखाली बाज टाकली होती. मला वाटलं, एकदा हात लावून येऊ.

कुंदनभाऊंनी यांच्याकडे पाहिलं. यांनी मान हलवली. आणि कुंदनभाऊ स्वतः विमानात चढले! नव्वदच्या खाली नाही तो माणूस. मी ओरडले — अहो, पासष्टच्या वर चालत नाही! पडतील! कोणी थांबवलं नाही. विमान धावलं, बांधाच्या बरंच अलीकडे उचललं गेलं, आरामात वर गेलं. मग मोटर बंद झाली. अगदी शांत.

पासष्टचा नियम नव्हताच कधी. आजार पाडव्यालाच माहीत होता यांना, म्हणून तर नाशिकच्या डॉक्टरांनी ओळखलं. घरात वजन उतरताना मी भिऊ नये, म्हणून बनवला.

मी यांच्याकडे वळले. सात वर्षं ज्याच्यासाठी झिजले ते वर चाललं होतं, आणि हे तिकडे बघतच नव्हते. माझ्याकडे बघत होते.